गाण्यातली ‘मी’ कोण? क्रिसी ॲम्फ्लेटच्या कारकिर्दीचे एक वाचन

१

काव्यशास्त्राचा पहिला धडा म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना एक वाक्य सांगत असतो : कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे. परीक्षेत विद्यार्थी ते बिनचूक लिहितातही. मात्र हा ‘मी’ स्त्रीच्या तोंडी आला आणि देहाविषयी, इच्छेविषयी किंवा संतापाविषयी बोलू लागला, की भलेभले वाचक हा धडा विसरतात. पुरुषाने लिहिले तर ती निर्मिती आणि स्त्रीने लिहिले तर ती कबुली, अशी एक अलिखित वाटणी आपल्या वाचनात ठाण मांडून बसली आहे. ही वाटणी छापील साहित्यापुरती मर्यादित नाही. गाणे ऐकतानाही ती आपले काम चोख बजावते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही एका ऑस्ट्रेलियन गायिकेची कारकीर्द निवडली आहे. तिचे नाव क्रिसी ॲम्फ्लेट (१९५९–२०१३). ‘डिव्हायनल्स’ या रॉकसमूहाची ती गायिका होती. जगातल्या बहुसंख्य श्रोत्यांना तिचे एकच गाणे ठाऊक आहे आणि ते गाणे म्हणजे तिचे आत्मकथन आहे अशीच त्यांची समजूत आहे. या समजुतीने तिला कीर्ती दिली. तिच्या दीड दशकाच्या कामाचा बराचसा भाग झाकूनही टाकला. हे कसे घडले ते पाहायचे, तर ती जिथे गात होती त्या जागेपासून सुरुवात करावी लागेल.

२

ऑस्ट्रेलियातील पब हे दीर्घकाळ पुरुषांचे राज्य होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथल्या अनेक राज्यांत संध्याकाळी सहा वाजता पब बंद करण्याचा नियम आला. कामावरून सुटलेले पुरुष सहाच्या ठोक्याच्या आत जितकी उतरवता येईल तितकी बिअर घशाखाली उतरवत. हा नियम न्यू साउथ वेल्समध्ये १९५५ साली आणि व्हिक्टोरियामध्ये १९६६ साली गेला. वेळ वाढली आणि गिऱ्हाईक रात्रीपर्यंत थोपवून धरायला काहीतरी हवे झाले. पुढच्या काळात ते काम मोठ्या आवाजाच्या रॉक संगीताने केले. यातूनच ‘पब रॉक’ ही तिथली खास परंपरा उभी राहिली.

या जागेत बाईचे स्थान काय होते? १९६५ साली ब्रिस्बेनमधील रेगाटा हॉटेलात मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉग्नर या दोघींनी बारच्या दांडीला स्वतःला साखळीने बांधून घेतले. क्वीन्सलँडच्या कायद्याने सार्वजनिक बारमध्ये स्त्रियांना दारू देण्यास मनाई होती, तिचा हा निषेध. तो कायदा बदलायला १९७० साल उजाडले. म्हणजे ॲम्फ्लेट पबच्या व्यासपीठावर उभी राहिली, त्याच्या अवघे दशकभर आधी देशाच्या एका राज्यात बाईला त्या बारमध्ये पेलाही मागता येत नव्हता.

या पबांमधून जे संगीत वाजत होते त्याचा एक पाय ‘गॅरेज रॉक’मध्ये होता. १९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत हौशी पोरांनी घरच्या गॅरेजमध्ये, तुटपुंज्या साधनांवर, तीन-चार स्वरमेळांच्या जोरावर जे कर्कश, उतावळे संगीत केले, त्याला हे नाव पुढे मिळाले. लेनी के याने १९७२ साली संपादित केलेल्या ‘नगेट्स’ या संकलनामुळे त्या विखुरलेल्या गाण्यांना एक परंपरा म्हणून ओळख आली. ऑस्ट्रेलियात हा वारसा सिडनीच्या ‘रेडिओ बर्डमन’ने आणि ब्रिस्बेनच्या ‘द सेंट्स’ने उचलला. ‘द सेंट्स’ची पहिली तबकडी सप्टेंबर १९७६मध्ये निघाली, तेव्हा इंग्लंडमधील पंक समूहांची पहिली तबकडीही बाजारात यायची होती. या साऱ्या प्रवाहात माईकसमोर उभे राहणारे बहुतेक सगळे पुरुषच होते.

‘डिव्हायनल्स’ला काटेकोर वर्गीकरण करणारे कुणी गॅरेज समूह म्हणणार नाहीत. त्यांच्या गाण्यांत नव्या लाटेची चकाकी आहे, पॉपचा गोडवाही आहे. तरी पहिल्या काही वर्षांतील त्यांचे खरखरीत गिटार, ओरबाडून काढलेला स्वर आणि कमीत कमी सामग्रीतून जास्तीत जास्त दाब निर्माण करण्याची रीत याच घराण्यातली आहे. त्यांचा बास वाजवणारा रिक ग्रॉसमन पुढे ‘हूडू गुरूज’ या समूहात गेला आणि त्या समूहाची गॅरेज रॉकवरील निष्ठा जगजाहीर होती. घरे शेजारीशेजारी होती, एवढे यावरून लक्षात यावे.

३

क्रिस्टिना ॲम्फ्लेटचा जन्म २५ ऑक्टोबर १९५९ रोजी व्हिक्टोरिया राज्यातील जिलाँग या बंदराच्या शहरात झाला. गाणे घराण्यात होते. तिची चुलत बहीण पॅट्रिशिया ॲम्फ्लेट ही ‘लिटल पॅटी’ या नावाने १९६३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, लोकप्रिय झाली होती. समुद्रकिनाऱ्यावरच्या तरुणाईची गोंडस, निरागस गाणी ती गात असे. १९६६च्या ऑगस्टमध्ये व्हिएतनाममधील नुई डॅट येथील तळावर ती ऑस्ट्रेलियन सैनिकांसमोर गात होती आणि त्याच दिवशी जवळच लाँग टॅनची लढाई पेटली. लिटल पॅटी हे त्या काळाने तरुण गायिकेला देऊ केलेले रूप होते : गोड, स्वच्छ, कुणालाही धोका नसलेले. धाकट्या बहिणीने पुढे जे केले त्याची धार या पार्श्वभूमीवर अधिक जाणवते.

किशोरवयातच क्रिसी घर सोडून युरोपात भटकली. रस्त्यावर गायल्याबद्दल स्पेनमध्ये तिला तीन महिने तुरुंगवासही घडला. परत आल्यावर ती संगीतनाटकांत कामे करू लागली. या तपशिलाकडे बहुधा दुर्लक्ष होते, म्हणून तो अधोरेखित करायला हवा. पबमध्ये येण्यापूर्वी ती रंगभूमीवर उभी राहिली होती. वेश, भूमिका, प्रेक्षकाच्या नजरेशी खेळणे हे तिला नवे नव्हते. १९८० साली सिडनीत गिटारवादक मार्क मॅकएन्टी याच्याबरोबर तिने ‘डिव्हायनल्स’ सुरू केला आणि किंग्ज क्रॉस परिसरातील पबांमधून हा समूह वाजू लागला.

तिथेच दिग्दर्शक केन कॅमेरॉन याने त्यांना ऐकले. हेलन गार्नरच्या ‘मंकी ग्रिप’ या कादंबरीवर तो चित्रपट करत होता. त्याने या समूहाकडून संगीत घेतलेच, शिवाय एका तडकू स्वभावाच्या गायिकेची भूमिकाही ॲम्फ्लेटला दिली. चित्रपट १९८२ साली आला. त्यातले ‘बॉइज इन टाउन’ हे गाणे देशभर गाजले आणि समूहाला नाव मिळाले.

४

‘मंकी ग्रिप’शी झालेली ही गाठ साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावी अशी आहे. गार्नर मेलबर्नच्या फिट्झरॉय हायस्कुलात शिक्षिका होती. वर्गातील मुलांच्या लैंगिकतेविषयीच्या प्रश्नांना तिने सरळ उत्तरे दिली, म्हणून १९७२ साली तिला नोकरीवरून काढण्यात आले. १९७७ साली तिची ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. हेरॉइनच्या आहारी गेलेल्या पुरुषावर प्रेम करणारी, एकटीने मूल वाढवणारी नोरा तीत प्रथमपुरुषी निवेदनातून बोलते. पुस्तकाला पुरस्कार मिळाला, वाचक मिळाले आणि त्याबरोबर एक शेराही मिळाला : ही कादंबरी कसली, ही तर बाईने छापलेली रोजनिशी.

गार्नरने या आरोपाला पंचवीसेक वर्षांनी उत्तर दिले. ‘मीन्जिन’ या नियतकालिकात २००२ साली तिने एक निबंध लिहिला. त्याचे शीर्षक एकाक्षरी होते : ‘आय’, म्हणजे ‘मी’. आपण रोजनिशीतूनच कादंबरी उभी केली हे तिने त्यात मोकळेपणाने मान्य केले आणि उलट विचारले की, म्हणून बिघडले काय? रोजनिशीतून काय निवडायचे, काय गाळायचे, कोणत्या क्रमाने मांडायचे, हे श्रम नाहीत काय? ‘मी’ हे अक्षर कागदावर उतरताच ते घडवलेले असते, असा या प्रतिवादाचा आम्ही लावलेला अर्थ आहे.

ॲम्फ्लेटपुढे हाच प्रश्न दुसऱ्या रूपात उभा होता. तिच्या बाबतीत तर शब्दांबरोबर देहही साक्षीला होता. चित्रपटात तिने गायिकेची भूमिका केली आणि प्रेक्षकांनी ती भूमिका आणि ती व्यक्ती यांच्यातले अंतर पुसून टाकले.

५

त्या काळी तिने निवडलेला वेश होता शाळकरी मुलीचा गणवेश आणि पायांत जाळीदार मोजे. हातात अनेकदा निऑनची पेटती नळी असे आणि ती ती नळी प्रेक्षकांवर, क्वचित स्वतःच्या साथीदारांवरही, हत्यारासारखी रोखत असे.

शाळेचा गणवेश ऑस्ट्रेलियन रॉकला नवा नव्हता. ‘एसी/डीसी’चा गिटारवादक अँगस यंग १९७४पासून अर्धी चड्डी आणि टोपी घालून मंचावर उड्या मारत होता. त्याच्या अंगावरचा गणवेश खोडकरपणाचे चिन्ह होता. लोक हसत, टाळ्या देत, आणि तो पोशाख म्हणजे पोशाख आहे हे सर्वांना कळत असे. बाईच्या अंगावर तोच गणवेश चढला आणि त्याचा अर्थ बदलला. आता तो आमंत्रण ठरला. ही नजर ॲम्फ्लेटला अपेक्षितच होती. ती त्या नजरेला जवळ बोलावत असे आणि जवळ आलेल्याला अस्वस्थ करून परत पाठवत असे. स्वर गोड होता होता खेकसण्यात जाई. गाता गाता ती समोरच्या पुरुषांना डिवचत असे. पाहणाराच पाहिला जाऊ लागे.

हा गणवेश निव्वळ प्रतिकार होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या जोरावर तबकड्या खपल्या आणि छायाचित्रे छापली गेली. ज्या नजरेची ती टर उडवत होती त्याच नजरेवर तिचा चरितार्थही चालत होता. अशा द्वंद्वातून लोकप्रिय कलेतील स्त्रीची सुटका सहसा होत नाही. समीक्षकाने त्यातला एकच पदर उचलून तिला वीरांगना किंवा बळी ठरवू नये. एवढे मात्र निश्चित की तो वेश तिने विचारपूर्वक निवडला होता आणि एका टप्प्यावर तो उतरवूनही ठेवला.

दरम्यान समूह वाढत आणि विस्कटत होता. १९८३ साली ‘डेस्परेट’ हा पहिला संपूर्ण संच आला. त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियातील ‘अस फेस्टिव्हल’मध्ये ते वाजले. ‘व्हॉट अ लाइफ!’ १९८५ साली आणि ‘टेम्परामेंटल’ १९८८ साली निघाला. जुने साथीदार एकेक करून गेले आणि दशक संपता संपता ‘डिव्हायनल्स’ म्हणजे ॲम्फ्लेट आणि मॅकएन्टी एवढेच उरले.

६

मग ‘आय टच मायसेल्फ’ आले. १९९१ साली हे गाणे ऑस्ट्रेलियात पहिल्या, अमेरिकेत चौथ्या आणि ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकावर पोहोचले. स्त्रीच्या आत्मरतीचा इतका उघड उच्चार करणारे गाणे लोकप्रिय संगीताच्या यादीत एवढ्या वर जाणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. ॲम्फ्लेट गाते आहे, ‘मी’ म्हणते आहे, तेव्हा हे तिचेच मनोगत, असे जगाने गृहीत धरले.

आता या गाण्याची जन्मकथा पाहू. कर्ते चार : ॲम्फ्लेट, मॅकएन्टी, बिली स्टाइनबर्ग आणि टॉम केली. यातील शेवटचे दोघे अमेरिकन व्यावसायिक गीतकार असून मॅडोनाचे ‘लाइक अ व्हर्जिन’ हे त्यांचेच. गाण्याचे पहिले कडवे आणि ध्रुवपद स्टाइनबर्गच्या वहीत आधीच लिहिलेले होते. त्याच्या सांगण्यानुसार, ॲम्फ्लेटने ते पाहिले, तिला ते भावले आणि तिथून चौघांनी मिळून गाणे पुरे केले. म्हणजे जिला जगाने एका स्त्रीची सर्वांत खाजगी कबुली मानले, तिची बीजाक्षरे एका पुरुषाने लिहिली होती.

मराठीच्या अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. लावणीतील नायिका आपला शृंगार आणि आपला विरह प्रथमपुरुषी बोलते, पण शब्द राम जोशींचे असतात, होनाजींचे असतात. तो संकेत आपण जाणतो. मात्र ती लावणी गाणाऱ्या बाईला समाजाने कधी या संकेताचा फायदा दिला नाही. शाहिराला कवी म्हणून मान मिळाला आणि तिच्या माथी त्या शब्दांची सगळी जबाबदारी आली.

मग या गाण्यात ॲम्फ्लेटचे काय? आमचे उत्तर असे की, जवळजवळ सर्व काही. वहीतल्या त्या ओळी निवडण्याचे धाडस तिचे. त्यांना कुजबुज आणि हट्ट यांच्या मधला जो स्वर मिळाला तो तिचा. दुसऱ्या कुणाच्या तोंडी हे शब्द चावट विनोद ठरले असते. पबमधील दहा वर्षांत तिने शिकलेले नजरेला नजर देण्याचे कौशल्य त्यांना विनोद होऊ देत नाही. हे कौशल्य कसबाचे आहे. त्याला कबुली म्हणणे म्हणजे कारागिराच्या हातातले काम काढून घेऊन त्याच्या स्वभावाच्या खात्यावर लिहिणे होय.

यशाचा परिणाम मात्र उलटाच झाला. जगाच्या लेखी ‘डिव्हायनल्स’ एका गाण्याचा समूह ठरला. त्या आधीचे दशक, ते पब, तो गणवेश, ती निऑनची नळी हे सारे त्या एका गाण्याच्या प्रस्तावनेसारखे वाचले जाऊ लागले. १९९६ साली ‘अंडरवर्ल्ड’ हा संच आला आणि त्यानंतर समूहाची वाटचाल थांबली.

७

ॲम्फ्लेटने पुढे काय केले हे आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ती रंगभूमीवर परतली. १९९८ साली ‘द बॉय फ्रॉम ऑझ’ या संगीतनाटकात तिने जूडी गार्लंडची भूमिका केली. गार्लंड ही अशी कलावती की जिच्या प्रत्येक गाण्यात श्रोत्यांनी तिचे दुःखी आयुष्यच ऐकले. गायिकेचा ‘मी’ आणि तिचे जगणे यांची गल्लत काय असते हे सोसलेल्या एका गायिकेने दुसऱ्या तशाच गायिकेचे सोंग वठवावे, हा योग विलक्षण आहे. १९९९ साली तिने वादक चार्ली ड्रेटन याच्याशी विवाह केला आणि ती न्यूयॉर्कमध्ये राहू लागली.

२००५ साली तिचे आत्मचरित्र आले. निदान इथे तरी ‘मी’ म्हणजे तीच, असे वाटावे. व्यसने, कर्ज, मॅकएन्टीशी असलेले वादळी नाते यांविषयी तिने त्यात आडपडदा न ठेवता लिहिले आहे. पण हे पुस्तकही तिने लॅरी रायटर या लेखकाच्या साहाय्याने सिद्ध केले आणि त्याचे शीर्षक ‘प्लेझर अँड पेन’ हे ‘डिव्हायनल्स’च्याच १९८५च्या गाण्याचे आहे. ते गाणे रचले होते हॉली नाइट आणि माइक चॅपमन यांनी. आत्मचरित्राच्या कपाळावरचे शब्दही दुसऱ्यांनी रचलेले. यात पुस्तकाचे काही उणे होत नाही. स्वतःविषयी बोलायलाही माणसाला इतरांची भाषा लागते, एवढेच त्यातून दिसते.

२००६ साली ऑस्ट्रेलियन संगीतक्षेत्राच्या ‘एरिया हॉल ऑफ फेम’मध्ये ‘डिव्हायनल्स’चा समावेश झाला आणि ती मॅकएन्टीबरोबर पुन्हा मंचावर आली. २००७च्या डिसेंबरमध्ये आपल्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचे तिने दूरचित्रवाणीवर सांगितले. २०१०मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. आधीच्या आजारामुळे केमोथेरपी आणि किरणोपचार घेता आले नाहीत. २१ एप्रिल २०१३ रोजी न्यूयॉर्कमधील राहत्या घरी, वयाच्या ५३व्या वर्षी, तिचे निधन झाले.

८

इथून गाण्याचे दुसरे आयुष्य सुरू होते. आपल्या त्या प्रसिद्ध गाण्यामुळे स्त्रियांना स्वतःच्या स्तनांच्या तपासणीची आठवण राहावी, अशी इच्छा तिने व्यक्त केली होती, असे तिच्या पतीने निधनाच्या वेळी कळवले. २०१४ साली, पहिल्या स्मृतिदिनाच्या सुमारास, दहा ऑस्ट्रेलियन गायिकांनी एकत्र येऊन हे गाणे नव्याने गायले. त्यांत लिटल पॅटी होती. १९९२ साली स्तनाच्या कर्करोगाला सामोरी गेलेली आणि २०२२ साली निवर्तलेली ऑलिव्हिया न्यूटन-जॉनही होती. शब्द तेच राहिले, पण ‘मी’ बदलली. इच्छेने स्वतःला स्पर्श करणाऱ्या बाईच्या जागी आता काळजीने स्वतःला चाचपणारी बाई आली. २०१८ साली टेनिसपटू सेरेना विल्यम्सनेही याच कारणासाठी ते गायले.

कुणी म्हणेल, गाण्याचे हे शुद्धीकरण झाले. जे शब्द एकेकाळी अश्लील वाटले ते आरोग्याच्या सोवळ्यात गुंडाळून स्वीकारले गेले. ही शंका आम्हांलाही रास्त वाटते. बाईचा देह सुखासाठी बोलला की समाज कावराबावरा होतो आणि आजारासाठी बोलला की हळवा होतो. तरीही जुना अर्थ नव्या अर्थाखाली पुसला गेलेला नाही. आपल्या देहावर पहिला हात आपला असावा, ही मागणी दोन्ही अर्थांच्या तळाशी आहे. दहा गळ्यांतून ते गाणे ऐकताना ‘ही कोणा एकीची कबुली आहे’ असे म्हणण्याची सोयच उरत नाही. काव्यशास्त्राचा जो धडा श्रोत्यांनी १९९१ साली नाकारला, तो त्यांनी २०१४ साली निमूटपणे गिरवला. दुर्दैव एवढेच की त्यासाठी गायिकेला मरावे लागले.

मेलबर्नमध्ये २००४ साली एका गल्लीला ‘एसी/डीसी’चे नाव दिले गेले होते. २०१५ साली लिटल बर्क स्ट्रीटलगतच्या एका गल्लीला ‘ॲम्फ्लेट लेन’ हे नाव मिळाले. एकाच शहरात दोन गणवेशांच्या दोन गल्ल्या झाल्या. पुरुषाला ती अकरा वर्षे आधी मिळाली आणि तीही तो हयात असताना.

तिच्या मागे ही वाट मोकळी राहिली का? जिलाँगमध्येच १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘मॅजिक डर्ट’ हा समूह उभा राहिला आणि अडालिटा ही त्याची गायिका-गिटारवादक होती. मेलबर्नमध्ये २०१६ साली ‘अमिल अँड द स्निफर्स’ सुरू झाला. त्यांचा पहिला छोटा संच घरच्या घरी, एका दिवसात तयार झाला होता, म्हणजे अस्सल गॅरेज रीतीने. गायिका एमी टेलर मंचावर धावते, ओरडते, प्रेक्षकांत घुसते. या समूहाच्या पहिल्या पूर्ण संचाला २०१९ साली सर्वोत्कृष्ट रॉक संचाचा ‘एरिया’ पुरस्कार मिळाला. या दोघींना ॲम्फ्लेटच्या शिष्या म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. पण ओरडणाऱ्या बाईला पाहून पबमधल्या गर्दीला आता पूर्वीसारखा धक्का बसत नाही, यात त्या निऑनच्या नळीचा वाटा आहे.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच. यापुढे एखाद्या लेखिकेची कविता वाचताना किंवा गायिकेचे गाणे ऐकताना ‘हे तिच्या आयुष्यात खरेच घडले असेल का?’ हा प्रश्न मनात येईल. तो येणे स्वाभाविक आहे. मात्र त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : हे तिने कसे घडवले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार तर कुतूहल शमवील. कलावतीला तिच्या श्रमाचे मोल मिळेल ते दुसऱ्या प्रश्नानेच.